पंच

शाळा उघडायला अकरा दिवस.
आत्तापर्यंत मला दहाची राधानगरी होती,
जूनपासून पहाटे साडेपाचची गारगोटी.
म्हणजे चारला उठायचं, पाचला घर सोडायचं.
ह्यांची रात्रपाळी शिरोलीत, फौंड्रीत,
घरी पोचायला साडेसात.
मधले अडीच तास
दोन पोरं आणि एक घर :
बिनकंडक्टरची गाडी.

नणंद म्हणाली, "लहान हायत गं पोरं."
लहान हायत म्हणूनच की, मी म्हटलं,
दहावीत गेल्यावर शिकवू काय
दप्तर कुठं ठेवायचं?

माळ्यावरच्या ट्रंकेतनं सासऱ्यांचा पंच काढला,
तिकिटाची मशीन यायच्या आधीचा,
निकेल उडालेला, पण दात शाबूत.
वहीच्या पुठ्ठ्याची दोन कार्डं कापली,
कडेकडेनं कामं लिहिली.
अंथरूण. रात्रीच दप्तर. खरकटा डबा पाण्यात.
शिवलीलाची वेणी शिवलीलानंच.
पथ्याचे मोजे, दोन्ही,
आणि एकाच रंगाचे.
काम झालं की भोक पाडायचं.
झालं नसेल तर कंडक्टरशी वाद नाही.

पहिल्या दिवशी वेणी
कानापाशी सुरू झाली आणि मानेवर हरवली.
मी हात पाठीमागं बांधून बघत राहिलो.
सोपं नसतंय ते.
कंगवा हिसकावून घेतला असता
तर दोन मिनिटांचं काम होतं.

तिसऱ्या दिवशी आठ वाजताच
पथ्याच्या कार्डाची चाळण.
सगळी भोकं, एक सुटलं नव्हतं.
आणि अंथरूण,
म्हैस उठून गेल्यासारखं.
ओरडणार होतो.
पण गाडीत कोण विनातिकीट सापडला तर मी काय करतो?
बाजूला घेतो, हळू विचारतो,
कुठनं बसलास?
तसंच विचारलं.
पंचाकडं बघत म्हणाला,
"भोक पाडायला मज्जा येती."
खरं बोलला, दंड माफ.
कार्ड नवं दिलं, आणि वर जुना पेपर दिला,
पाड म्हटलं हवी तेवढी.
दुपारभर घरात कागदाचे तांदूळ.
ते झाडायचं कार्डावर नव्हतं.
त्यानंच झाडले,
निम्मे चटईखाली.

मग माझ्या सुट्टीच्या दिवशी
पाचला खाकी घातली, बॅग लावली, निघालो,
आणि गल्लीच्या तोंडाला तालमीच्या कट्ट्यावर बसलो.
तिथनं आमची खिडकी दिसती.
आत पोरं बैठका मारत होती, मोजत होती,
शंभरानंतर परत एकपासनं.
दूधवाला थांबला. "वैनी, गाडी चुकली व्हय?"
न्हाई, म्हटलं, तालीम चाललीया.
तो आत बघून गेला, माझ्याकडं बघून गेला.

सहाला दिवा लागला.
सव्वासहाला विझला.
माझा पाय आपोआप कट्ट्यावरनं खाली आला,
मी तो परत वर घेतला.
साडेसहाला परत लागला,
आणि कूकरची नव्हे, भांडणाची शिट्टी ऐकू आली,
मग नळ,
मग बराच वेळ काहीच नाही.
काहीच नाही हे ऐकणं
सगळ्यात अवघड.

साडेसातला हे आले, मला बघून हसले,
काही न बोलता वर गेले.
मी अजून तासभर बसलो.

घरी पोचलो तर दोघं दारात, बोटं तोंडावर.
शिवलीलाची वेणी वाकडी, पण शेवटापर्यंत.
पथ्याच्या एका पायात निळा, एका पायात काळा,
आणि तिथं भोक पाडलं नव्हतं.
पण कार्डाच्या कोऱ्या बाजूला,
जिथं मी काहीच लिहिलं नव्हतं,
एक भोक.
हे कशाचं रे?
कानात म्हणाला,
"बाबा झोपल्यात. टीव्ही न्हाई लावला."

पेन काढलं, त्याच्यापुढं लिहायला.
मग खिशात परत ठेवलं.
त्या बाजूला अजून बरीच जागा होती.